हवालदाराचा पट्टा

"म्हाताऱ्या, हात पुढे कर."

केला. हवालदाराने स्वतःच्या मनगटावरचा रबरी पट्टा काढून माझ्या मनगटाला आवळला. सगळ्या बराकीसमोर. कैदी हसले.

"जा, चक्कर मारून ये. तुम्हा खेडवळ लोकांना पाय चालायलाच दिलेत देवाने. आणि पट्ट्यावरच्या लाल बटणाला बोट लावलंस तर बोट मोडीन."

मी शिंदखेड्याकडचा. शाळा दुसरीपर्यंत. बांधावरच्या मारामारीत तुरुंगात गेलो, जामिनाची वाट बघत होतो. पट्टे तेव्हा नवीनच आले होते. पहारेकरी कुठे फिरतो ते ऑफिसातल्या पडद्यावर दिसायचं. ठिपका फिरला की पहारा झाला. म्हणून ठिपका माझ्या हातावर, हवालदार लिंबाखाली खाटेवर. रोज दुपारी. मान खाली घालून फिरायचो. बोललो तर जामीन अडकेल, ही भीती.

एका दुपारी पाण्याच्या टाकीमागे दोघे वसंताला मारत होते. वसंता असोद्याचा, माझ्याच बराकीतला, गरीब माणूस. बादलीच्या कडीने मारत होते.

"आबा, सोडवा हो!"

मधे पडलो. ढकलून दिलं. हवालदाराला हाका मारल्या, घसा फाटेस्तोवर. कोणी आलं नाही. वसंताचा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. जेलरसाहेब हवालदाराला विचारत होता, "तुझा ठिपका टाकीपाशीच आहे. बटण का नाही दाबलं? इथे घंटा वाजली असती, माणसं धावली असती."

ऐकलं, आणि मनगट जळायला लागलं. घंटा माझ्याच हाताला बांधलेली. आणि मी नुसता ओरडत होतो.

हवालदाराने माझ्याकडे बोट केलं. "साहेब, या म्हाताऱ्याने पट्टा चोरला." मग जवळ येऊन हळूच, "हो म्हण. नाहीतर सडशील इथेच."

तोवर मी हवालदारालाही साहेबच म्हणायचो. त्या दिवशी घरचीच बोली तोंडात आली.

"मी चोर नही शे. पट्टा तुन्हा, पाय मन्हा. रोज तूच बांधस."

जामीन लांबला. चोरीचा गुन्हा वर चढला. तो अजून अंगावर आहे.

आता बाहेर आहे. वसंताच्या खटल्यात साक्षीला बोलावलंय. भावकीतले म्हणतात, "आबा, हवालदाराशी मिटवून घ्या." का मिटवू?

ऐकतो, आता कैद्यांनाही पट्टे बांधणार. बांधा. पण बटण आमच्या बोटाखाली पाहिजे, आणि ते कशाचं हे बांधतानाच सांगायचं.

तारखेला मी जाणार. ज्या हाताला पट्टा बांधला, तोच हात वर करून शपथ घेणार.