हॉस्टेलला नातेवाईक चालत नाहीत

भोपाळला शिकायला आले तेव्हा मला सल्ला देणाऱ्यांची वानवा नव्हती. वानवा होती ती एका टेबलाची. मी आर्किटेक्चरला प्रवेश घेतला होता. आर्किटेक्चरच्या मुलीला झोपायला कोपरा पुरतो, पण ड्रॉइंग बोर्ड आडवा टाकायला जागा लागते, आणि एकदा टाकलेला बोर्ड कुणी हलवायचा नसतो. हे मी त्या वर्षी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी माझं मलाच ऐकवेना.

यवतमाळकडच्या आमच्या गावाहून निघताना बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "एक वर्ष बघू. राहायची नीट सोय लागली आणि पास झालीस तर पुढचं. नाहीतर परत ये आणि इथे बी.ए. कर." बाबा उगाच काही बोलत नसत. म्हणजे माझं सगळं शिक्षण त्या बोर्डाच्या जागेवर येऊन ठेपलं होतं.

आमच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की भोपाळमध्ये सरकारी कारखान्याची मोठी टाउनशिप आहे, तिथे पुष्कळ मराठी लोक आहेत, त्यांचं मंडळ बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना मदत करतं. मंडळ खरोखर होतं. दर रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलच्या व्हरांड्यात चटई अंथरून चौघे-पाच जण बसत. मागे भिंतीवर 'नवीन विद्यार्थी मार्गदर्शन' अशी पाटी होती. पोहे मिळत, चहा मिळत असे आणि मार्गदर्शन तर विचारूच नका. एकजण म्हणाले, नेहरू नगरात खोली बघ, कॉलेजला जवळ पडेल. दुसरे म्हणाले, एकट्या मुलीला नेहरू नगरात कोण खोली देणार? तिसऱ्यांचं म्हणणं होतं की जवाहर चौकाच्या मागे एक बाई मुली ठेवते, पण तिचं जेवण तेलकट असतं. मी म्हटलं, तेलकट चालेल, पत्ता द्या. पत्ता त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी ऐकलं होतं.

त्यांच्यातले एक तेवढे जागेवरून उठले. मंडळाचे कार्यवाह, कारखान्यात फोरमन, मूळचे नागपूरचे आणि उभी नोकरी भोपाळमध्ये काढलेले. सगळी टाउनशिप त्यांना काका म्हणायची, मीही म्हणायला लागले. "चिंता नको करू पोरी," ते म्हणाले. "तुला हॉस्टेलच पायजे ना? मी चालतो तुझ्याबरोबर. वॉर्डन मॅडमशी मीच बात करतो. कुणी मोठं माणूस सोबत असलं की फरक पडते."

फरक पडला. इतका पडला की आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वॉर्डनबाई करड्या होत्या पण वाईट नव्हत्या. मुलींच्या हॉस्टेलात जागा थोड्या, मागणाऱ्या पुष्कळ. त्यांनी आधी नियम सांगितले: इतक्या वाजता गेट बंद, रविवारी भेटायला फक्त आईवडील किंवा नातेवाईक, बाहेरच्या कुणालाही आत सोडायचं नाही. मी मान डोलवत होते. टेबल आहे का, एवढंच मला विचारायचं होतं. आहे, प्रत्येक मुलीला एक, खिडकीपाशी. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी काकांकडे बघून सहज विचारलं, "इस शहर में लड़की का कोई रिश्तेदार है?"

काकांनी छाती पुढे काढली. "है क्यों नहीं मैडम! हम किसलिए हैं? हमारे घर की बच्ची है, सगी भतीजी समझिए."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "फिर तो हॉस्टल की क्या ज़रूरत? जिनका घर यहाँ है उनको सीट नहीं मिलती. आप अपने पास ही रखिए."

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, "एकदम सही बोल रही हैं मैडम," असं म्हणून नमस्कार केला आणि मला बाहेर घेऊन आले. त्यांना वाटलं बाईंनी त्यांच्या शब्दाचा मान ठेवला. स्कूटरला किक मारताना ते अगदी खुशीत होते. "बघ, कशी अदबीनं बोलली! आता तू आमच्याकडेच चल. हॉस्टेलचं खाऊन आजारी पडशील, त्यापेक्षा हे बरं."

हबीबगंजच्या रेल्वे फाटकात गाडी जाईपर्यंत स्कूटर थांबली होती. तेवढ्या वेळात मला हे सगळं त्यांना समजावून सांगता आलं असतं. पण समोर पाठमोरा बसलेला, आपण मोठं काम केलं असं मानणारा माणूस, त्याला काय सांगायचं? मी दात आवळून डबे मोजत राहिले.

काकांचं क्वार्टर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत दिवाण, तो काकांचा. त्यांची पहिली पाळी, दुपारी घरी येऊन ते झोपत, तेव्हा बोर्डावर टी-स्क्वेअरची पट्टी सरकवल्याचा आवाजसुद्धा करायचा नाही. आतली खोली काकूंची आणि माझी, आणि तिथे दोन कपाटं, शिवणयंत्र, गाद्यांचा ढीग. माझा बोर्ड दिवाणामागे उभा राहायचा. तो काढायचा, जमिनीवर पसरायचा, गुडघ्यांवर बसून काढता येईल तेवढं काढायचं, कुणी आलं की पुन्हा उभा करायचा. आणि कुणीतरी सारखं यायचंच, कारण मंडळाचे कार्यवाह म्हणजे चोवीस तास उघडं घर.

भाडं घ्या म्हटलं की काका दुखावत. "पुतणीकडून कोणी भाडं घेते का?" काकू बोलत नसत, ताटात आणखी एक पोळी टाकत. त्यामुळे मी कसली तक्रार करणार? भाडेकरूला भांडता येतं. पुतणीला भाजी निवडावी लागते, पाहुण्यांना पाणी द्यावं लागतं, आणि शेजारच्या बाई "आमच्या पिंकीचं गणित बघशील का गं?" म्हणून आल्या तर हसून हो म्हणावं लागतं.

शिवाय पुतणीपणाला एक सरकारी बाजूही होती. टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये घरच्या माणसांखेरीज कुणाला ठेवायचं नाही असा कायदा. पोटभाडेकरू सापडला तर क्वार्टर हातचं जायचं. इस्टेट ऑफिसचे एक बाबू अधूनमधून जिने चढत, दार वाजवत, घरात कोण कोण आहे ते विचारत. काकांनी मला पहिल्याच दिवशी पढवून ठेवलं होतं, "विचारलं तर सरळ सांगायचं, भतीजी हूँ." बाबू आले तेव्हा मी तसं सांगितलं. माझी मान खाली होती. मला खोटं बोलायची लाज वाटत नव्हती, मला राग येत होता. हॉस्टेलात मी पुतणी म्हणून नको होते आणि इथे पुतणी म्हणूनच चालत होते. मधल्यामध्ये मी जी होते, तिला कुठेच जागा नव्हती.

संक्रांत आली. काकूंचं हळदीकुंकू म्हणजे सगळी इमारत. मी कॉलेजमधून आले तर बाहेरच्या खोलीत दोन पिंपांवर माझा बोर्ड आडवा टाकलेला, त्यावर धुतलेली चादर, चादरीवर तिळगुळाची ताटं, अत्तरदाणी, वाणाच्या स्टीलच्या वाट्या. बायका ये-जा करत होत्या. काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "तुझा बोर्ड बाई फार कामाला आला. अगदी बेताचा झाला बघ."

बोर्डाला शीट लावलेली होती. दुसऱ्या दिवशी द्यायची होती. एका घराचा आराखडा, शाईनं पूर्ण केलेला, आणि तो मी किती संध्याकाळी किती गुडघे दुखवून काढला होता ते माझं मला ठाऊक. चादर उचलून पाहिलं तर तिळगुळाचं तूप खाली उतरून दिवाणखान्याच्या जागी डाग पडला होता, आणि स्वयंपाकघरावर कुंकू सांडलं होतं. मी चादर पुन्हा सारखी केली. मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले.

कॉलेजात सरांनी शीट हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली. "टेबल का इंतज़ाम करो, या घर जाओ," ते म्हणाले. एवढंच. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी काकांना सांगितलं. सांगितलं म्हणजे माझा बांध फुटला. काका नुकते झोपून उठले होते, हातात चहाचा कप होता. मी म्हटलं, "काका, मला तुमच्यामुळे हॉस्टेल मिळालं नाही! त्या दिवशी तुम्ही घरची मुलगी म्हणालात म्हणून त्यांनी मला नाही म्हटलं. ज्यांचं इथे कुणी नाही त्यांनाच खोली मिळते. तुम्ही गप्प बसला असतात तर आज माझ्याकडे टेबल असतं. आता मी नापास होणार आणि बाबा मला परत नेणार."

काकांनी कप खाली ठेवला. त्यांना खरंच कळलं नव्हतं. इतक्या महिन्यांत त्यांना एकदाही कळलं नव्हतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येत होता. काकू आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. मग काका म्हणाले, "उद्या सुट्टी टाकतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्टेलवर गेलो. सत्राच्या मध्यावर एक मुलगी हॉस्टेल सोडून गेली होती, तिची जागा रिकामी होती. वॉर्डनबाईंनी आम्हाला ओळखलं. "आपकी भतीजी है ना?" त्या म्हणाल्या.

काका खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानंच, दोन्ही हात पाठीमागे धरून म्हणाले, "नहीं मैडम. हमारी कोई नहीं है. मंडल में आई थी, इसलिए जानते हैं. इसका यहाँ कोई नहीं है."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जी, कोई नहीं." खोली मिळाली. खिडकीपाशी टेबल होतं. काकांनी माझी ट्रंक आणि बोर्ड फाटकापर्यंत आणून दिला, पुढे बाहेरच्यांना बंदी होती. नेहमीचं "चिंता नको करू" ते म्हणाले नाहीत.

त्या रविवारी मी दुपारभर टेबलावर काम केलं. पाठ सरळ ठेवून. संध्याकाळी फाटकावरचा चौकीदार एक डबा घेऊन आला. "स्कूटर पे कोई अंकल-आंटी आए थे," तो म्हणाला. "मैंने पूछा कौन लगते हैं लड़की के, तो बोले कोई नहीं. फिर मैं अंदर कैसे छोड़ता? डब्बा देके चले गए."

डब्यात बेसनाचे लाडू होते. मी तो हातात धरून उभी राहिले आणि मला असा राग आला की काय सांगू. कुणाचा, ते मलाही कळेना. चौकीदाराचा, त्या नियमाचा, काकांचा. इस्टेट ऑफिसच्या बाबूसमोर मला बिनदिक्कत खोटं बोलायला लावणारा माणूस, त्याला इथे एकदा काका लागतो म्हणायला काय झालं होतं? एक शब्द बोलले असते तर आत येऊन बसले असते. माझं टेबल बघितलं असतं.

पण ते तसं बोलणार नव्हते. बोलले आणि बाईंच्या कानावर गेलं तर माझी खोली जाईल, हे आता त्यांना पक्कं समजलं होतं. मीच तर ओरडून समजावलं होतं.

पुढच्या रविवारी मी डबा परत द्यायला निघाले. डबा रिकामा द्यायचा नसतो, म्हणून जवाहर चौकात उतरून खारे शेंगदाणे घेतले आणि दुसऱ्या मिनीबसनं टाउनशिपला गेले. जिना चढत होते तर वरून इस्टेट ऑफिसचे बाबू उतरताना भेटले. त्यांनी मला बरोबर ओळखलं.

"तुम तो हॉस्टल चली गईं, सुना है," ते म्हणाले. "तो फिर यहाँ किराए पर थीं ना? सच बताओ, कौन लगते हैं ये तुम्हारे?"

काकांच्या घराचं जाळीचं दार उघडंच होतं. आत कपबशीचा होणारा आवाज थांबला.

"काका लगते हैं," मी म्हटलं. "सगे."

"सगे?"

"सगे बोला ना! कितनी बार पूछेंगे?" मी इतकी खेकसले की बाबू भिंतीला लागून बाजूला झाले.

काकू दारात आल्या. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, कानाशी नेऊन हलवून पाहिला आणि बाबूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "किती उशीर गं! काका कधीचे जेवायचे थांबलेत."