बेव्हर्लीचा खर्ज

गेल्या रविवारी आमच्या शेजारणीने जवळजवळ दोन वर्षांनी चारचौघांत गाणं म्हटलं. इथे आयर्लंडमध्ये, मलिंगारमधल्या आमच्या इस्टेटच्या ग्रीनवर, म्हणजे वसाहतीतल्या घरांच्या मधल्या हिरवळीवर... आणि मी हातात केकची डिश घेऊन ढसाढसा रडले.

शेजारीण म्हणजे बेव्हर्ली. वय चौऱ्याहत्तर, मूळची अमेरिकेतल्या आर्कान्साची, आणि एके काळची खरीखुरी कंट्री सिंगर. तिला विचारूनच लिहितेय. "ग्रँड," म्हणजे चालेल, "पण वय कमी करून लिही," म्हणाली... नाही केलं.

तिचे वडील ट्रक चालवायचे, आई चर्चमध्ये गायची. चौदाव्या वर्षी मागून आणलेल्या गिटारवर जत्रेतली स्पर्धा जिंकली, आणि अठराव्या वर्षी एकटी बसने कंट्री म्युझिकच्या पंढरीला, नॅशव्हिलला गेली. दिवसा एका हॉटेलात वेट्रेस, संध्याकाळी तिथेच कोपऱ्यात उभं राहून गाणं.

मग एक गाणं चाललं. शेवटी तिचा आवाज असा काही वर जायचा, की ट्रकवाले रेडिओ मोठा करायचे म्हणे. पुढची कितीतरी वर्षं ती चार वादकांबरोबर बसमध्येच राहिली... झोप, जेवण, भांडणं, सगळं त्या बसमध्ये.

चाळिशीत रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तिला सांगितलं की आता लोकांना नवे चेहरे हवेत. "तो सँडविच खात होता. माझं करिअर संपल्याचं सांगताना खायचासुद्धा थांबला नाही," हे ती आजही हसत सांगते. पण ते हसू काही खरं नाही.

त्याच सुमारास आयर्लंडच्या डान्स हॉल्सचा दौरा आला. इकडच्या गावांमध्ये कंट्री म्युझिकचं पिढीजात वेड. बँडची व्हॅन चालवणाऱ्या शेमसशी तिने लग्न केलं आणि इथलीच झाली. मलिंगारमधल्या निम्म्या लोकांच्या लग्नात बेव्हर्ली गायलेली आहे, आणि बऱ्याच जणांच्या अंत्यविधीलाही.

२०१९ मध्ये शेमस गेला. पाठोपाठ तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. फोनवर लोक तिला 'सर' म्हणायला लागले, तेव्हा तिने फोन उचलणंच सोडलं.

२०२० च्या फेब्रुवारीत माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या, तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आई, इथेच अडकल्या. आई शाळेत संगीत शिकवायच्या. सकाळी उठून मोबाइलवर तानपुरा लावायचा आणि अर्धा तास खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर लांबवत राहायचं... हा नेम त्यांनी इथेही सोडला नाही.

आमच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. एप्रिलमध्ये एकदा बेव्हर्ली मागच्या कुंपणापाशी आली. मला वाटलं, तक्रार करणार. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ती बाई इतक्या खाली कशी जाते? मला शिकवेल का?"

आईंनी आधी एकच गोष्ट विचारली, "डॉक्टरनं गायची परवानगी दिली का हिला?" दिली होती. स्पीच थेरपिस्टने व्यायामही दिले होते, पण एकटीने करायचा बेव्हर्लीला कंटाळा यायचा.

मग कुंपणाच्या अलीकडे आई, पलीकडे बेव्हर्ली, आणि मध्ये दुभाषी आमची आठ वर्षांची ईरा. आई म्हणायच्या, "अवं, घाई कायले करून राहिली तू? सूर ढकलू नको, बसू दे त्याला." की ईरा तिच्या पक्क्या आयरिश सुरात, "आजी सेज डोन्ट बी पुशिंग इट, लाइक."

पाऊस असला की दोघी आपापल्या शेडच्या दारात उभ्या. आईंचा व्हिसा वाढत गेला, लॉकडाउन आलं, गेलं, परत आलं. कितीदा बेव्हर्ली चिडून आत निघून गेली... दुसऱ्या दिवशी परत हजर. सव्वा वर्ष!

आणि मग गेला रविवार. बहुतेकांचं व्हॅक्सिन झालेलं, म्हणून ग्रीनवर चहा-केक ठेवला होता. बेव्हर्ली गिटार घेऊन बाहेर आली.

तिने आपलं ते जुनं गाणं धरलं, जुन्याच पट्टीत. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. ती थांबली. समोर आपापल्या लग्नात तिच्या गाण्यांवर नाचलेले लोक... कोणाला कुठे बघावं कळेना. ती गिटारचा पट्टा खांद्यावरून काढायला लागली.

तेवढ्यात फोल्डिंगच्या खुर्चीवर बसलेल्या आमच्या आईंनी 'सा' लावला. खालचा, भरीव, अजिबात न लाजता. एवढ्या गोऱ्या लोकांत दुकानातसुद्धा तोंड न उघडणाऱ्या आई!

बेव्हर्लीने त्यांच्याकडे बघितलं. पट्टा परत खांद्यावर घेतला, पट्टी खूप खाली आणली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी जिथे आवाज वर जायचा, तिथे या वेळी ती खाली खाली उतरत गेली... आणि तिथे ठाम उभी राहिली. ते तारुण्यातलं गाणं नव्हतंच. सगळं आयुष्य जगून झाल्यावर म्हटलेलं गाणं होतं.

टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, "धिस लेडी इज माय टीचर." आई उठल्या, पदर नीट केला आणि सगळ्यांना नमस्कार केला. नंतर मला हळूच म्हणाल्या, "बत्तीस वर्षं शाळेत माझा तास काढून गणिताला द्यायचे गं."

एवढे दिवस ऑफिसमध्ये कोणी विचारलं, की मी सांगायचे, माझ्या सासूबाई रिटायर्ड आहेत, घरीच असतात. सोमवारी कॉलवर सांगितलं... त्या गाणं शिकवतात.