कुंकवावर ढकललेला दोष

मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. तो यायला एवढी वर्षं लागली, याचा त्याहून जास्त येतो.

घरातला कॉम्प्युटर बायकोचा. ती लग्नाचे अल्बम डिझाइन करायची. पनवेलचे दोन फोटोग्राफर तिच्याशिवाय कोणाला काम देत नसत. मशीन फार तापायचं, म्हणून प्रोसेसरवरचा पंखा बदलायचं ठरलं.

"दुकानात नेऊ या," ती म्हणाली.

"चार स्क्रूंसाठी दुकान कशाला?"

माझी नोकरी कळंबोलीत, ट्रकच्या गॅरेजात. तिथे चाकाचा नट हलेनासा होईपर्यंत कोणी पाना सोडत नाही. पंख्याचे स्क्रूही मी तसेच आवळले.

त्या दिवशी खंडेनवमी. कॅबिनेट उघडंच होतं. तिने शिलाई मशीन पुजलं, स्कूटर पुजली आणि नवी वस्तू म्हणून त्या पंख्यालाही हळदकुंकू लावलं.

संध्याकाळी मशीन सुरू केलं तर निम्मी मेमरी गायब. चारपैकी दोनच पट्ट्या दिसत होत्या. खोडरबराने त्यांची टोकं घासली, जागा बदलून पाहिल्या. पट्ट्या चारही ठणठणीत. त्या बसवायचे दोन स्लॉटच मेले होते. आणि त्यातल्या एकाच्या कडेला जरासं कुंकू सांडलेलं. झालं, मला गुन्हेगार सापडला.

मुलगी समोर बसली होती. तिला म्हणालो, "तुझ्या आईला अक्कल नाही. मशीन आहे की देव्हारा?"

बायको काडीला कापूस गुंडाळून कुंकू टिपत बसली. पुढे मोठा अल्बम उघडला की मशीन जागच्या जागी थिजायचं. शेवटी तिने हातातली कामं परत केली. "माझ्याच हाताने घालवलं हो," असं ती फोटोग्राफरला फोनवर सांगत होती. मी शेजारी पेपर वाचत होतो.

ती माहेरी, आपटा गावाला गेली असताना मी पंखा धूळ काढायला सोडवला आणि या वेळी स्क्रू हलक्या हाताने बसवले. चारही पट्ट्या दिसल्या. माझ्या आवळण्याने प्रोसेसर खाली तिरका दाबला गेला होता आणि त्या दोन स्लॉटशी त्याचा संपर्क तुटला होता, एवढंच. कुंकवाचा काडीचा संबंध नव्हता.

आवळण्यात चूक कोणाचीही होते. पण ती परत आल्यावर मी चहा पिता पिता म्हणालो, "साफ केलं नीट. कुंकू निघालं, चालू झालं." हे कोणाकडूनही होत नाही. हे मी केलं.

अल्बमचं काम तिने पुन्हा घेतलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीला सगळी पूजा आटोपून ती कॉम्प्युटरपासून चार हात लांब थांबली आणि तिथूनच निरांजन ओवाळलं. "लांबूनच बरं. तुमचं मशीन आहे."

तुमचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्क्रू, पंखा, तो चहा, सगळं सांगून टाकलं. आणि तेही तिच्यावरच खेकसत, जणू पुन्हा तिचीच चूक.

तिने मला पुरतं बोलू दिलं.

"ओरडताय कशाला? तेव्हाही ओरडलात."

मी खुर्ची ओढून बसलो.

"मुलीला फोन लावा. तिच्यासमोर बोलला होतात ना, मग तिलाच सांगा."

"रात्री सांगतो."

"आत्ता. आणि स्पीकरवर."

फोन लावला. रिंग वाजत राहिली. बायको ताट हातात धरून समोर उभी होती. निरांजन विझलं, तरी तिने ताट खाली ठेवलं नाही.