वाडग्यावरून पडदा पारखणारी गुमही

कोरियातल्या छोंगजू शहरात, विद्यापीठामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर गुमहीचं पीसी-बांग आहे. तासाचे पैसे भरायचे, कॉम्प्युटरपुढे बसून गेम खेळायचा, आणि भूक लागली की पडद्यावरूनच राम्यॉन, म्हणजे रस्सेदार शेवया, मागवायचं. ते राम्यॉन गुमहीच करते, तीच नेऊन देते आणि वाडगाही तीच उचलते. स्वतः तिने जन्मात एक गेम खेळलेला नाही, पण कुठला मॉनिटर चांगला हे तिलाच विचारावं. विकणारा सांगतो त्यातलं निम्मं ती कानाआड करते.

तिची परीक्षा साधी होती. पडदा डोळ्यांना पटला की माणूस गेममध्ये बुडतो, राम्यॉन तसंच राहतं आणि शेवया फुगून त्यांचा लगदा होतो. पडदा टाकाऊ असला की तोच माणूस इकडेतिकडे बघत वाडगा चाटूनपुसून खातो.

"जगात तू एकटीच स्वयंपाकीण असशील, जिला भरलेला वाडगा परत आला की आनंद होतो," नवरा दोकसू म्हणायचा.

"लोक इथे बसायला येतात, जेवायला नाही," गुमही म्हणायची.

यंदा मात्र ही परीक्षा जिवावरची होती. समोरच नवं पीसी-बांग उघडलं, भलेमोठे कमानदार मॉनिटर लावून, आणि गुमहीच्या अर्ध्या खुर्च्या ओस पडल्या. इमारत दोकसूच्या थोरल्या भावाची. त्याने आडपडदा ठेवला नाही. "सगळे मॉनिटर बदलून बघा एकदा. छुसकच्या सणापर्यंत हॉल भरला नाही, तर मी तिथे गोल्फच्या सरावाची जागा काढणार." म्हणजे निवड चुकली की दुकान गेलं. पोरं याच दुकानावर वाढली, सासूचं आजारपण याच दुकानावर निभावलं. ते दुकान म्हणजे गुमहीचा जीव की प्राण.

दोकसूचा निर्णय आधीच झाला होता. "सगळे कमानदार. समोरच्यापेक्षा बोटभर मोठेच घेऊ."

"नाकापेक्षा मोती जड नको व्हायला," गुमही म्हणाली, आणि तिने विक्रेत्याकडून तीन नमुने मागवून घेतले. एक मोठा कमानदार. एक लहान, पण चित्र इतक्या झपाट्याने बदलणारा की पळता शत्रू धूसर होत नाही. आणि एक साधा सपाट, न चकाकणारा, बारीक अक्षरही ठसठशीत दाखवणारा. तिन्ही तीन टेबलांवर मांडले आणि बाई वाडगे वाहायला लागली.

आठवडाभर कमानदार पडद्यापुढून सगळे वाडगे भरलेले परत आले, बाकी दोन्हींपुढून निम्मेच. सोलबी नावाची कॉलेजची पोरगी नेमबाजीचा गेम खेळते, सहसा कशालाच चांगलं म्हणत नाही. तिचाही वाडगा तसाच. दोकसूची छाती फुगली. गुमही हटवादी असली तरी खोटी नाही. "हरले मी. उद्या फोन करून टाका," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जिंकल्याच्या खुशीत दोकसू स्वतःच त्या पडद्यापुढे बसला. राम्यॉन मागवलं, बर्फाची कॉफी मागवली. गुमही ताट उचलायला गेली तर वाडगा भरलेला आणि कॉफीही काठोकाठ, बर्फ पार विरघळलेला. ती तिथेच थबकली. रंगात आलेल्या माणसाला खायला हात मोकळे नसतात हे खरं, पण कॉफीची नळी तो न बघताही ओढतो. गेममध्ये बुडालेल्या माणसाचा पेला भरलेला कधीच परत येत नाही. आणि या टेबलावरचे भरलेले पेले ती गेले कित्येक दिवस न बघता ओतून देत होती.

"अहो, डोकं दुखतंय का?"

"छे."

"मळमळतंय?"

"थोडंसं," दोकसू कपाळ चोळत म्हणाला. "सकाळी तिखट किमची जास्त झाली असेल."

"किमची बिचारी काय करेल," गुमही म्हणाली आणि सोलबीची वाट बघत बसली. ती आल्या आल्या तिला गाठलं. "परवा मोठ्या पडद्यापुढे जेवली नाहीस, ते का गं?"

"मावशी, खरं सांगू? गरगरत होतं. तुमचं टेबल एवढं अरुंद, पडदा अगदी नाकावर येतो. कोपऱ्यातला माणूस बघायला मान वळवेपर्यंत मी मेलेली असते."

"मग बोलली का नाहीस?"

"काकांनी एवढ्या कौतुकाने बसवलं होतं. त्यांचं तोंड कशाला पाडायचं?"

टेबलं अरुंद होती, कारण एक रांग जास्त बसावी म्हणून दोकसूनेच ती तशी करून घेतली होती. समोरच्यांची ऐसपैस होती, त्यांना ते पडदे शोभत होते. आपण इतके दिवस वाडगे बघितले आणि पेले बघितले नाहीत, याचा गुमहीला मनस्वी राग आला. पण रागावून बसणं तिच्या स्वभावात नाही. बाकी दोन टेबलांवरचे पेले तिने बघितले, ते रिकामे होते; कमानदार पडदा तिने त्याच दिवशी परत पाठवला. नेमबाजीवाल्यांच्या रांगांना लहान, चपळ मॉनिटर. खिडकीकडच्या रांगेत दुपारी निवृत्त मंडळी बादुकच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा डाव मांडतात आणि पोरी परीक्षेची व्याख्यानं ऐकतात, तिथे सपाट मॉनिटर.

"दादाला काय तोंड दाखवू?" दोकसू म्हणाला. "समोर एवढे मोठे, आणि आपण लहान घेतले?"

"तोंड मी दाखवते. तुम्ही तारा जोडा."

सोलबीने आपली टोळी आणली, टोळीने दुसरी टोळी. बादुकवाल्या आजोबांनी डोळे चुरचुरत नाहीत म्हणून मित्रांना ओढून आणलं. छुसकच्या आदल्या दिवशी थोरले दीर गोल्फसाठी हॉल मोजायला टेप घेऊन आले आणि दारातच अडले.

"काका, रांग आहे," रांगेत उभी असलेली सोलबी मागे न बघता म्हणाली.

"या म्हणते भाऊजी, बसा म्हणता येत नाही. खुर्चीच रिकामी नाही," गुमही म्हणाली.

दिराने हॉलभर नजर फिरवली. "एवढे लहान पडदे! कुणाची निवड ही?"

घरात काही चांगलं झालं की "आम्ही केलं" म्हणायची दोकसूची जन्माची खोड. आता त्याने घसा खाकरला, पायांतल्या तारांकडे बघितलं, मग भावाच्या डोळ्यांत बघितलं.

"हिची," तो म्हणाला. "मी तर उलटच सांगत होतो, दादा. माझं ऐकलं असतं तर आज तू इथे भिंती मोजत असतास."

भरलेल्या हॉलपेक्षा गुमहीला त्या वाक्याचा आनंद जास्त झाला, आणि तिने तो लपवलाही नाही.

"अहो," ती म्हणाली, "जरा मोठ्याने सांगा. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."