दोनदा लावलेलं कुंकू
करंड्याचं झाकण उघडलं, की कुंकवाच्या वासाबरोबर सोलापूरचं आमचं घर समोर येतं. डिमेन्शिया झालेल्या आईला दवाखान्यातून नुकतंच घरी आणलं होतं. तिला सांभाळायला जवळच्या वळसंग गावच्या एक बाई ठेवल्या. त्या टिकल्या, तरच मला पुण्याला नोकरीवर परतता येणार होतं. पण आईला त्या पाहुण्या वाटल्या. ती अंगाला हातच लावू देईना. बाईंना चहा पाजला, कुंकू लावलं आणि म्हणाली, "या हं परत." बाई पुढच्या दारानं बाहेर गेल्या आणि मागच्या दारानं आत आल्या. आईनं पुन्हा करंडा काढून कुंकू लावलं, तशा त्या हसून म्हणाल्या, "दोनदा कुंकू लावलं की आई, आता मी पावणी कशाची? घरचीच हाय." आईला ते पटलं. तिनं केस विंचरायला फणी त्यांच्या हातात दिली, आणि माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी मी बॅग उचलली, तेव्हा आईनं मलाही कुंकू लावलं आणि बाईंना हाक मारली, "अगं, पाहुण्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून ये." तो करंडा आता माझ्याकडे आहे. त्यातलं कुंकू मी नेहमी दोनदा लावते.