मूर्तीसाठी लावलेली खिडकी

माझा मोठा भाऊ फायबरचं काम करायचा. बदनापूरला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पाण्याच्या टाक्या, बाथरूमची दारं आणि बुद्धमूर्ती. साच्यात काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, ब्रशने रेझिन चोपडायचं, वाळलं की साचा सोडवायचा. रेझिनला गोडसर, डोक्यात जाणारा वास असतो. आमच्या चादरींना, भाताला, माझ्या वेणीलासुद्धा तो यायचा. पाहुणे नाक मुरडायचे तेव्हा मला त्यांचाच राग यायचा.

दादा निष्काळजी मुळीच नव्हता, हे आधीच सांगते. रेझिन वाळावं म्हणून त्यात मिसळायचे हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकत्र ओतायचे नाहीत, भडका उडतो, हे त्याने मला दहादा बजावलं होतं. शेडजवळ बिडी ओढणाऱ्याला तो हाकलून द्यायचा. टाक्या तो बाहेर लिंबाखाली करायचा, तोंडाला कापडी मास्क बांधून. मूर्तीची गोष्ट मात्र वेगळी. साच्यातून निघालेल्या चेहऱ्यावर तो हाताने शेवटचा थर द्यायचा; त्या ओल्या थरावर रस्त्याची धूळ बसली की चेहरा खरखरीत होतो, म्हणून मूर्ती आत, दारं-खिडक्या बंद करून. आणि मास्कही काढून. म्हणायचा, "भगवंताच्या म्होरं तोंड झाकून उभं राहाचं व्हय?"

खिडकी लावायचं काम माझं. फटीत ओलं पोतंही मीच कोंबायची. दोन-तीन तासांनी तो लाल डोळ्यांनी, झोकांड्या खात बाहेर यायचा आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचा. गुळाने छाती साफ होते, असं या कामातले सगळेच मानायचे. मीसुद्धा गूळ घेऊन दारात उभी असायची.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागले. एका रविवारी रेझिनच्या पिंपावरचा इंग्रजी कागद सहज वाचला. आत स्टायरिन नावाचं रसायन. वाफ श्वासात घेऊ नका, हवा खेळती ठेवा, डोक्याला आणि नसांना धोका, वाफ शोषणारा खास मास्क वापरा. म्हणजे दादाचं ते फडकं लिंबाखालीही काही कामाचं नव्हतं. मी दार ढकलून आत गेले.

"दादा, खिडकी उघडू का? वाफ वाईट असते म्हणे."

"बिलकुल न्हाई. भगवंताचं नाक करून राह्यलो."

मूर्ती वैशाख पौर्णिमेला द्यायची होती. मी पोतं पुन्हा भिजवून आणलं. वर्गात खेळत्या हवेचे फायदे पोरांकडून घोकून घेणारी मोठी विज्ञानाची बाई!

गेल्या वर्षी विहाराच्या भिंतीवर पंचरंगी ध्वज काढायला त्याला बोलावलं. रंग स्वतःच मिसळायची त्याची सवय. नजर अशी की एखादीच्या साडीचा रंग बघून तो हुबेहूब तसाच करून दाखवायचा. पहिला पट्टा निळा हवा. तो रंगवून दादा मागे सरला आणि खुशीत आमच्याकडे वळला. पट्टा हिरवा होता. एका म्हातारीने तोंडाला पदर लावला.

"बराबर हाय ना?" त्याने मलाच विचारलं.

मी हो म्हणाले.

जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला रंगीत चकत्या क्रमाने लावायला दिल्या. तो बराच वेळ लावत होता. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं ही वाफ घेतली की रंग ओळखायची नजर बिघडू शकते. काम थांबवा, थोडंफार परत येईल, कदाचित येणारही नाही. एसटीत तो खिडकीशी बसला. बदनापूर येईपर्यंत एकच वाक्य बोलला, "आभाळ कसं दिसून राह्यलं गं आज?" मी निळं आहे म्हणून सांगितलं आणि पर्समध्ये उगीच काहीतरी शोधत बसले.

त्याच आठवड्यात आम्ही शेड रिकामी करायला घेतली. ते पिंप बाहेर ढकलताना माझा बांध फुटला. "दादा, मी वाचलं होतं रे. यावर सगळं लिहिलेलं होतं. तरी मीच खिडकी लावत राहिले. तुझे डोळे मी घालवले."

तो कोपऱ्यातल्या शेवटच्या मूर्तीवरचं फडकं काढत होता. त्याने मूर्तीच्या गालावरून बोट फिरवलं, माझा हात धरला आणि माझंही बोट तिथूनच फिरवलं.

"येडी का तू?" तो म्हणाला. "तू खिडकी लावायची, म्हणून तर एकाबी मूर्तीच्या तोंडावर कधी धुळीचा कण बसला न्हाई."