खंडेनवमीचा मान

कृष्णातची कंपनी म्हणजे साताऱ्याच्या एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड. तिथे शेतातल्या फवारणीचे पंप बनत. मालक दादासो तिला कंपनी म्हणत नसत, 'आपलं घर' म्हणत. ते खोटं नव्हतं. कुणाचं काम कोणतं हे ठरलेलं नव्हतं, बोलणी मात्र ठरलेल्या माणसालाच बसत, आणि पाहुणा आला की पंख्याखालची जागा त्याला मिळे.

कृष्णात मेढ्याकडचा. गाव काही लांब नव्हतं, पण त्याची पाळी सुटेपर्यंत मेढ्याची शेवटची एसटी निघून गेलेली असे. पूर्वी तो मोटरसायकलने जायचा. एका पावसाळ्यात वळणावर घसरला आणि बायकोने, मंगलने, गाडी विकायला लावली. तेव्हापासून आठवडाभर साताऱ्यात खोलीवर आणि रविवारी दिवसापुरता घरी. खानावळीचं जेवण वाईट नव्हतं. फक्त तिथे वाढताना 'आज उशीर केला?' असं कुणी विचारत नसे. संध्याकाळच्या एसटीने घरी जावं, हातपाय धुवावेत आणि घरच्यांच्या पंगतीला बसावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याला रस्ता एकच होता. शेडचा इनचार्ज कायम दिवसपाळीला असे. आणि इनचार्ज कोण, हे खंडेनवमीला कळे. मशीनच्या पूजेला ज्याला जोडीनं बसवत, तोच पुढे वर्षभर इनचार्ज. ऑर्डर नाही, सही नाही. पाटावर बसला की झालं.

यंदा गणपती उठताच दादासो म्हणाले होते, "कृष्णात, औंदा तू आन् वैनी. साडी घ्यायला सांग."

घटस्थापनेच्या सुमारास दादासोंच्या साडूचा मुलगा यशराज 'जरा शिकायला' म्हणून कंपनीत आला. तो केबिनमध्ये बसून मोबाईलवर शिकत असे.

खंडेनवमीला मंगल नवी हिरवी साडी नेसून सकाळच्या एसटीने आली. दोघं जोडीनं बसले. मशीनला झेंडू, हळदकुंकू, नारळ सगळं यथासांग झालं. मग दादासो बोलायला उभे राहिले.

"मान कृष्णातचा, त्यात वाद न्हाई. इनचार्ज आपला यशराज. त्याचं अजून लगीन न्हाई म्हणून जोडीनं बसता आलं न्हाई, एवढंच. आन् रातपाळी आता कायमची कृष्णातकडं. दुसऱ्या कुणावर माझा इस्वास न्हाई."

टाळ्या वाजल्या. हातात पेढे होते, म्हणून जरा हळू वाजल्या. दादासोंना कुणाला दुखवायचं नव्हतं. साडूला शब्द दिला होता, तसा कृष्णातलाही दिला होता. दोन्ही शब्द त्यांनी एकाच दिवशी पाळले.

मंगलने पदर सावरला. "आवं दादासो, मान घरी न्हेऊन काय करू? शिंक्यावर ठेवू?"

शेडमध्ये हसू फुटलं. दादासो सगळ्यांत मोठ्यानं हसले. "वैनी लय बोलक्या हायत," म्हणाले, आणि विषय संपला.

यशराजने लगेच कारभार हातात घेतला. "सांगलीचा माल अडकलाय. जेवणं उरका, मशीन चालू करा."

कुणी हललं नाही. वेल्डर आप्पासो फौजेतून रिटायर होऊन आलेले. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बाबा, पूजलेल्या हत्याराला आज हात लावत न्हाईत. उद्या सोनं वाटलं की मग."

"मशीनला काय कळतंय, आप्पासो?"

"मशीनला न्हाई रं. आमाला कळतंय."

सगळे दादासोंकडे बघू लागले. दादासोंनी एकदा साडूच्या पोराकडे पाहिलं, एकदा झेंडूच्या माळेकडे. निर्णय घ्यायची वेळ आली की ते नेहमी दुसऱ्याचं नाव घेत. आजही घेतलं. "पूजेला कोण बसलं हुतं? त्यालाच इचारा."

कृष्णातच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळत होतं. "आज मशीन चालणार न्हाई," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने कंपनीत दिलेला हा पहिलाच हुकूम. तो लगेच पाळला गेला. पोरांनी मेन स्विचवर चादर टाकली.

पाळीच नाही म्हटल्यावर तो मंगलबरोबर संध्याकाळच्या एसटीत बसला. मंगलने त्याला खिडकी दिली.

"सोडा की ही कंपनी," ती म्हणाली.

"सोडून कुठं जाऊ? दुसरीकडं बी कुणाचा तरी साडू असंलच."

ती हसली नाही. बाहेर उन्हं उतरत होती, भातखाचरं पिवळी पडायला लागली होती. रविवारी तो सकाळी येई, तेव्हा हीच खाचरं धुक्यात असत.

दारात त्याला बघून आई, साळूबाई, दचकलीच. "आज कसा रं? बरं हाय न्हवं?"

"बरं हाय."

दिवेलागणीलाच जेवणं झाली. घरात हल्ली इतक्या लवकर जेवतात, हे त्याला माहीत नव्हतं. मग शेजारची रंगूबाई ओट्यावर येऊन टेकली आणि बायकांच्या गप्पा सुरू झाल्या. कुणाची म्हैस व्यालेली, कुणाची पोरगी माहेरी येऊन बसलेली. कृष्णात मधेच विचारी, "हे कवाचं?"

"लय दिस झालं की. तुला सांगायचंच ऱ्हायलं," आई म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली. आईला घाई नव्हती. त्याला मात्र परवापासून रातपाळी होती. तो भिंतीला टेकून, एकही शब्द सुटू नये असा ऐकत राहिला.